काच आणि भिंत : बंद खोलीतील गांजाचा इतिहास

गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांत एक नवा जोडशब्द रुळला आहे : 'हायड्रोपोनिक गांजा'. २०२४ आणि २०२५ या वर्षांत बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून तो जप्त झाल्याच्या बातम्या इतक्या वेळा छापून आल्या, की वाचक आता त्या शब्दापाशी अडखळतही नाहीत. खरे तर अडखळायला हवे. या जोडशब्दातला पहिला शब्द ग्रीक धातूंवरून विसाव्या शतकात घडवलेला. 'हायडोर' म्हणजे पाणी आणि 'पोनोस' म्हणजे कष्ट. दुसरा आपल्याकडचा, एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजुरांबरोबर जहाजाने वेस्ट इंडीजला गेलेला आणि जमैकाच्या बोलीत आजही तसाच नांदणारा. हे दोन शब्द एकमेकांना भेटले कसे? प्रयोगशाळेतली एक पद्धत आणि शेतातले एक झाड यांची गाठ एका बंद, बिनखिडक्यांच्या खोलीत का पडावी?

या प्रश्नाचे सोपे उत्तर 'विज्ञानाची प्रगती' असे दिले जाते. प्रस्तुत लेखात मांडायचे आहे ते थोडे वेगळे. मातीविना शेतीचे तंत्र विज्ञानाने दिले हे खरेच. परंतु त्या तंत्राला सूर्यापासून तोडून चार भिंतींच्या आत नेले ते कायद्याने. बंद खोलीतल्या या बागेतील प्रत्येक उपकरण (दिवा, जाळी, घड्याळ, पंखा) हे कोणत्या ना कोणत्या बंदीला दिलेले उत्तर आहे, आणि म्हणून ही बाग एखाद्या संहितेसारखी वाचता येते.

उघड्यावरचे शेत

सुरुवात उघड्यावरच्या शेतापासून करावी लागते. कारण भिंतीआड काय गेले हे कळल्याशिवाय भिंतीचा अर्थ लागत नाही. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानातील गांजाच्या वापराविषयी प्रश्न उपस्थित झाल्यानंतर १८९३ साली 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमण्यात आले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. आयोगाने देशभर हिंडून ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सादर केला. वसाहतवादी राजवटीची आर्थिक गणिते त्यात आहेतच. गांजावरील अबकारी उत्पन्न सरकारला प्रिय होते. तरीही एका झाडाभोवती विणलेल्या समाजाचे इतके तपशीलवार चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

त्या चित्रात बंगालमधील राजशाही जिल्ह्यातला नौगाव परिसर ठळक आहे. तिथे परवानाधारक शेतकरी उघड्या शेतात गांजा लावत, आणि पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास 'पोद्दार' किंवा 'पारखदार' नावाचा जाणकार शेताशेतांतून फिरे. त्याचे काम एकच : नर झाडे ओळखून उपटणे. परागकण पडले तर मादी झाडाला बी धरते आणि राळेचा कस उतरतो. म्हणून बी धरण्याआधीच नर वेचायचे. मराठी वाचकाला 'पारखी' शब्दामुळे या माणसाची ओळख चटकन पटावी. त्याच्याजवळ ग्रंथ नव्हता, भिंग नव्हते. होती ती नजर. तयार झालेला माल सरकारी गोलांत, म्हणजे कोठारांत, जमा होई आणि तेथून महसूल भरून बाहेर पडे. आपल्याकडे मुंबई इलाख्यातही अशी लागवड होती आणि तिचे महत्त्वाचे केंद्र अहमदनगर जिल्हा होता, ही गोष्ट आज अनेकांना नवी वाटेल. गांजा ओढणाऱ्यासाठी 'गांजेकस' हा कुत्सित शब्द मराठीत जुना आहे. परंतु ते पीक काढणाऱ्यासाठी वेगळा, लज्जास्पद शब्द मराठीला घडवावा लागला नाही. तो शेतकरीच होता.

आयोगाने आणखी एक काम केले, जे साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे. गांजामुळे वेड लागते, या समजुतीचा आधार वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत होता. आयोगाने त्या नोंदींचा माग काढला. 'वेडाचे कारण' या रकान्यातली नोंद बहुधा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या अंदाजावरून भरली गेली होती, आणि पुढे ती आकडेवारी होऊन शास्त्रीय पुराव्याच्या थाटात वावरत होती. ही सरळसरळ पाठचिकित्सा होती. अखेरीस संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, नियंत्रण हवे, असा निष्कर्ष आयोगाने दिला. बंदी घातल्यास लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, ही भीतीही त्याने नोंदवली. पुढच्या शतकाने हा अहवाल कपाटात ठेवला.

माती सुटली, सूर्य नाही

दुसरा धागा प्रयोगशाळेचा आहे. झाड नेमके काय खाते, हा प्रश्न जुनाच. जॉन वुडवर्ड यांनी १६९९ मध्ये पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला होता. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी ठराविक क्षारांच्या द्रावणात, मातीचा कणही न वापरता, रोपे वाढवून दाखवली. तोवर हा अभ्यासकांचा प्रयोग होता. त्याला शेतीचे रूप देण्याचा आग्रह धरला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विल्यम गेरिक यांनी. १९२९ पासून त्यांनी हा विचार मांडला. शिडी लावून तोडावे लागतील इतके उंच टोमॅटो त्यांनी द्रावणाच्या टाक्यांवर वाढवले. १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हे नाव त्यांनी रूढ केले. ते सुचवले होते त्यांचे सहकारी सेचेल यांनी. गाजावाजा इतका झाला, की त्याच विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये एक पत्रक काढून सांगितले : द्रावणातले पीक चांगल्या मातीतल्या पिकापेक्षा काही जादूने जास्त येत नाही. याच दोघांच्या पत्रकातले द्रावण पुढे जगभर प्रमाण ठरले, हा दैवाचा विनोद.

मातीविना शेतीचे आपल्याकडेही एक प्रकरण आहे आणि ते विसरले गेले आहे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिम्पाँग येथे या पद्धतीचे प्रयोग केले. त्यांची भूमिका अशी, की महागडी यंत्रसामग्री नसलेल्या, जमीन नसलेल्या माणसालाही भाजीपाला काढता आला पाहिजे. १९५१ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावातच 'बंगाल पद्धती' हे शब्द होते. एकाच बंगालने गांजाचे नौगाव आणि मातीविना शेतीचे कालिम्पाँग पाहिले, पण त्या दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या नाहीत. येण्याचे कारणच नव्हते.

इथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण या लेखाचे सारे म्हणणे त्यावर उभे आहे. गेरिक यांच्या टाक्या कॅलिफोर्नियाच्या उन्हात होत्या. डग्लस यांचे वाफे डोंगरावरच्या उजेडात होते. १९३० च्या दशकात पॅसिफिकमधील वेक बेटावर विमानप्रवाशांसाठी अशीच भाजी काढली गेली, तीही उन्हातच. डेन्मार्कमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस खनिज तंतूंच्या लादीवर, म्हणजे रॉकवूलवर, रोपे वाढवण्याचे तंत्र आले आणि नेदरलँड्सच्या टोमॅटो-काकडीच्या बागांनी ते उचलले. त्या बागांनाही छत होते काचेचे. थंडीच्या देशात काच लागते, हे मान्य. परंतु काच उजेड आत घेते आणि भिंत तो बाहेर ठेवते. मातीविना शेतीने माती सोडली होती. सूर्य सोडण्याची गरज तिला कधीच वाटली नाही. तो सोडावा लागला एकाच पिकासाठी.

आकाशातून येणारी नजर

अमेरिकेत १९३७ च्या कर-कायद्याने गांजा व्यवहारतः बेकायदा झाला आणि १९७० च्या कायद्याने त्याला सर्वांत कडक वर्गात टाकले. (गेरिक यांनी 'हायड्रोपोनिक्स' शब्द रूढ केला तेही साल १९३७ च. दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाही. पण इतिहासकाराला अशा योगायोगापाशी क्षणभर थांबण्याची मुभा असावी.) १९७० च्या दशकात अमेरिकेत येणारा बराच गांजा मेक्सिकोचा होता. तेथील शेतांवर विमानांतून पॅराक्वाट हे तणनाशक फवारले जाऊ लागले आणि १९७८ च्या सुमारास त्याच्या विषबाधेची भीती ओढणाऱ्यांत पसरली. मागणी घटली नाही. ती घराकडे वळली. उत्तर कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन डोंगराळ परगण्यांत देशी लागवड फोफावली. बी न धरू दिलेल्या मादी फुलांना तिथे स्पॅनिशवरून 'सिन्सेमिया' म्हणत, शब्दशः 'बिनबियांचा'. नौगावचा पारखदार हा शब्द ऐकून हसला असता.

१९८३ मध्ये राज्य आणि केंद्र सरकारने मिळून तेथे मोहीम उघडली आणि पिकाच्या हंगामात डोंगरांवर हेलिकॉप्टरे घिरट्या घालू लागली. हिरव्या रंगाची विशिष्ट छटा वरून ओळखू येते. शेतकरी आजवर आकाशाकडे पावसासाठी पाहत आला. आता आकाशच त्याच्याकडे पाहू लागले. उरला एकच उपाय : आकाश आणि झाड यांच्यामध्ये छप्पर घालणे. घरातील लागवड त्याआधीही हौसेपोटी होत होती. ती एक धंदा आणि एक विद्या बनली ती या दशकात.

छपराखाली सूर्य कुठून आणायचा? १९६० च्या दशकात बाजारात आलेले उच्च दाबाचे सोडियम दिवे मुळात रस्ते आणि गोदामे उजळण्यासाठी होते. आपल्या शहरांतल्या रस्त्यांवर ज्यांचा पिवळा-केशरी उजेड आपण वर्षानुवर्षे पाहिला, तेच हे दिवे. ते खोलीत टांगले गेले. आणि ऋतू? त्याचे उत्तर आधीच एका दुर्दैवी फ्रेंच संशोधकाने शोधून ठेवले होते. ज्युलियन टुर्नुआ यांनी १९१२ ते १९१४ या काळात याच झाडावर आणि हॉपच्या वेलीवर प्रयोग करून पाहिले, की ते फुलते ते उष्णतेमुळे नव्हे, तर रात्र लांबल्यामुळे. लगेच पहिले महायुद्ध पेटले आणि ते त्यात मारले गेले. १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन संशोधकांनी तंबाखू, सोयाबीन इत्यादी पिकांवरून तोच नियम स्वतंत्रपणे मांडला आणि श्रेय त्यांच्याकडे गेले. बंद खोलीत या नियमाचा अर्थ सरळ होता : दिव्याची कळ ज्याच्या हाती, शरद ऋतूही त्याच्या हाती.

टोपणनावांची विद्या

ही विद्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली कशी? पारखदाराची विद्या बापाकडून मुलाकडे, शेताच्या बांधावर उभ्याने जात असे. इथे बांधच नव्हता. शेजाऱ्याला सांगणे म्हणजे आत्मघात. म्हणून पुस्तक आले. १९७४ मध्ये मेल फ्रँक आणि एड रोझेंथल यांचे लागवडीचे मार्गदर्शक निघाले; त्याच वर्षी 'हाय टाइम्स' हे मासिक सुरू झाले. १९८३ मध्ये जॉर्ज सर्व्हँटिस या लेखकाचे घरातील लागवडीवरचे पुस्तक आले. यांतील 'मेल फ्रँक' हे टोपणनाव, आणि 'सर्व्हँटिस' हेही टोपणनावच. 'डॉन किहोते'च्या कर्त्याचे आडनाव अशा पुस्तकावर पाहून साहित्याच्या विद्यार्थ्याला गंमत वाटेल. टोपणनावाची परंपरा मराठीला परकी नाही. परंतु केशवसुतांपासून आपल्याकडे टोपणनाव बहुधा शोभेचे किंवा संकोचाचे असते. इथे ते चिलखत होते.

या पुस्तकांचा वाङ्मयप्रकार कोणता, असा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्यांची भाषा बागकामाच्या पुस्तकाची, निरागस. खते, आर्द्रता, कीड यांविषयी बोलणारी. पण प्रत्येक पानामागे एक न लिहिलेले पान असते, आणि ते सापडू नये कसे याविषयी असते. जे बोलता येत नाही त्याच्या दडपणाखाली लिहिलेल्या संहितेला वेगळी शिस्त येते, हे आपल्याला खाडिलकरांच्या 'कीचकवध'मुळे ठाऊक आहे. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात विराटाच्या दरबाराआड कर्झनशाही प्रेक्षकांना दिसली, आणि १९१० मध्ये सरकारलाही दिसली; बंदी आली. तुलना हेतूंची नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तिथे देशाचे स्वातंत्र्य पणाला होते, इथे एक नशा आणि तिचा नफा. तुलना आहे ती दडपण आणि रूप यांच्या नात्याची.

आणि दडपण इथेही वाचकापर्यंत पोहोचलेच. २६ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकी केंद्रीय यंत्रणेने 'ऑपरेशन ग्रीन मर्चंट' या नावाने ४६ राज्यांत धाडी घातल्या. त्या शेतांवर नव्हत्या. दिवे, पंप आणि खते विकणाऱ्या दुकानांवर होत्या. मासिकांतल्या जाहिराती आणि कुरिअरच्या पार्सलांच्या नोंदी यांच्या आधारे गिऱ्हाइकांच्या दारापर्यंत पोलीस गेले. 'सिन्सेमिया टिप्स' हे मासिक या आघातानंतर बंद पडले. दुकानातून दिवा विकत घेणे हेच संशयास्पद कृत्य ठरल्यावर माणसे दुकाने टाळू लागली, आणि घरगुती, हाताने जुळवलेल्या यंत्रणेचे युग सुरू झाले.

जाळी आणि घड्याळ

या युगाच्या दोन खुणा आहेत : जाळी आणि घड्याळ.

जाळीची कल्पना मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षांचा मांडव, परसातला दोडक्या-कारल्याचा मांडव, हे त्याच तत्त्वाचे आविष्कार. झाडाचा शेंडा बाजूच्या फुटव्यांना दाबून ठेवतो. शेंडा खुडला किंवा वाकवून आडवा केला की फुटवे उठतात. हे शेतकऱ्याला शतकानुशतके माहीत होते. थिमन आणि स्कूग यांनी १९३० च्या दशकात त्यामागे ऑक्झिन हे संप्रेरक असल्याचे दाखवले. १९९० च्या दशकात घरातील गांजाच्या लागवडीत आडव्या जाळीखाली झाड पसरवण्याची पद्धत रूढ झाली. एक कारण प्रकाशाचे : सूर्य इतका दूर आहे की झाडाच्या शेंड्याला आणि बुडख्याला अंतराचा फरक पडत नाही, पण हातभर अंतरावरच्या दिव्याचा उजेड खाली जाताना झपाट्याने क्षीण होतो. म्हणून झाडाला उंची नको, पसारा हवा.

दुसरे कारण न्यायालयाचे. १९८० च्या दशकातील अमेरिकी केंद्रीय कायद्यांनुसार १०० रोपे सापडली तर किमान ५ वर्षे, आणि १,००० सापडली तर किमान १० वर्षे कैद. रोपांचे वजन काहीही असो. कायदा रोपे मोजत होता. मग एकाच रोपाला मांडवभर पसरवणे हे बागकामाचे कौशल्य राहिले नाही, ते शिक्षेचे गणित झाले. द्राक्षाचा मांडव आणि ही जाळी यांच्यात तत्त्व एक. पण एक मांडव पाहुण्याला दाखवायला असतो, दुसरा पाहुणा येऊ नये म्हणून कुलपात असतो.

घड्याळाचे तसेच. दिवे लावणारी-विझवणारी विजेची घड्याळे, पाणी सोडणारे पंप, तापमान पाहून पंखा फिरवणारी उपकरणे, आणि २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्दुइनोसारख्या स्वस्त फळ्यांनंतर तर घरीच जुळवलेली छोटी संगणकयंत्रे. यांमागे तंत्राची हौस आहे, यात शंका नाही. पण मुळाशी साधी गोष्ट आहे : या बागेला माळी ठेवता येत नाही. गडी ठेवावा तर तो साक्षीदार ठरतो. स्वतः वारंवार जावे तर येणे-जाणे दिसते. नौगावच्या शेतात पारखदार, शेतकरी, मजूर, कारकून, गोलादार अशी माणसांची वर्दळ होती. या खोलीत माणूस एकटा आहे आणि त्याच्या जागीही हळूहळू यंत्र येत आहे.

घराची उष्णता

परंतु उजेड कोंडला तरी उष्णता कोंडता येत नाही. जानेवारी १९९२ मध्ये ओरेगॉन राज्यातील फ्लॉरेन्स या गावी केंद्रीय अधिकाऱ्यांनी रस्त्यावर मोटारीत बसून एका घरावर उष्णता टिपणारे यंत्र रोखले. छपराचा एक भाग आणि एक भिंत शेजारच्या घरांहून जास्त तापलेली दिसली. त्यावरून झडतीचा हुकूम मिळवला गेला. आत शंभराहून अधिक रोपे निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ जून २००१ रोजी 'कायलो विरुद्ध अमेरिका' या खटल्याचा निकाल पाच विरुद्ध चार अशा मतांनी लागला : घराच्या आतले, एरवी आत शिरल्याशिवाय न कळणारे असे काही सर्वसामान्य वापरात नसलेल्या यंत्राने टिपणे ही झडतीच होय, आणि ती हुकुमाशिवाय करता येणार नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालिया यांनी. पुराणमतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या न्यायमूर्तींनी लक्ष वेधले ते एका घरगुती शक्यतेकडे : असे यंत्र घरातील बाई रोज रात्री किती वाजता स्नान करते, हेही सांगू शकेल.

गांजाच्या खोलीने नागरिकाच्या न्हाणीघराचे रक्षण केले, असे या निकालाचे सार सांगता येईल. बंदीच्या इतिहासात असे घडते. सत्तेची नजर कुठवर जावी, हा प्रश्न सज्जनांच्या बाबतीत क्वचितच न्यायालयात उभा राहतो.

नेदरलँड्सची तऱ्हा निराळी होती. तेथे १९७६ च्या कायद्यानंतर थोड्या प्रमाणातली किरकोळ विक्री सहन केली गेली, परंतु दुकानाला माल पुरवणे गुन्हाच राहिले. पुढचे दार उघडे आणि मागचे बंद. या विसंगतीने माल माळ्यांवर आणि तळघरांत पिकवला. २०१० मध्ये हेग आणि रॉटरडॅममधील ३०,००० घरांत नखाने खरवडून वास घेण्याची कार्डे वाटण्यात आली, नागरिकांनी शेजारच्या माळ्यावरचा वास ओळखावा म्हणून. हेलिकॉप्टरला डोळा, यंत्राला त्वचा आणि शेवटी शेजाऱ्याला नाक. मागच्या दाराने कायदेशीर माल देण्याचा प्रयोग तेथे सुरू झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये, ब्रेडा आणि टिलबर्ग या दोन शहरांत.

बंदी सरली, भिंत उरली

एकविसाव्या शतकात अनेक ठिकाणी बंदी सैल झाली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर केला. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन रोपांची मुभा दिली. थायलंडने जून २०२२ मध्ये बंदी उठवली आणि जून २०२५ मध्ये पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट घातली. मुंबई विमानतळावरच्या बातम्यांचा उगम या दोन तारखांच्या मध्ये आहे. मग बाग उन्हात परतली का? बऱ्याच अंशी नाही. भिंतीआड घडलेले तंत्र, त्याने घडवलेली चव आणि त्याने घडवलेला बाजार, तिन्ही भिंतीआडच राहिली. कायदा आजही रोपे मोजतो. म्हणून जाळीही आहे.

याची किंमत मोजली गेली आहे. एव्हन मिल्स यांच्या २०१२ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत बंद खोलीतील लागवड देशाच्या एकूण विजेच्या सुमारे एक टक्का वीज खात होती. २०२१ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आलेल्या अभ्यासाने दाखवले, की वाळलेल्या एका किलो फुलामागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. जे झाड नौगावात आणि नगर जिल्ह्यात फुकटच्या उन्हावर वाढत होते, त्याच्यासाठी आता कुठेतरी कोळसा जळतो.

आणि फूलही तेच राहिले नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील नशाकारक द्रव्याचे, म्हणजे टीएचसीचे, प्रमाण १९९५ मधील सुमारे ४ टक्क्यांवरून २०१४ मध्ये सुमारे १२ टक्क्यांवर गेले. अंमलबजावणी जितकी कडक तितके द्रव्य जहाल, असे सूत्र १९८६ मध्ये रिचर्ड कोवन यांनी मांडले होते. लपवायचे ते थोडक्यात मावणारे हवे, हा त्याचा आशय. पण सगळे खापर बंदीवर फोडणेही बरोबर नाही. बंदी उठलेल्या बाजारांतही जहालपणाची चढाओढ थांबलेली नाही, कारण विक्रेत्यालाही तीच भाषा कळते. हेलिकॉप्टरने सुरू केलेले काम गल्ल्याने पुढे चालवले.

आता आपल्याकडे पाहू. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवानाधारक गांजाचे जुने जग संपले. त्या कायद्याच्या व्याख्येतून बी आणि निव्वळ पाने वगळली गेली, म्हणून भांग काही राज्यांत टिकली. फुलोरा मात्र गुन्हा झाला. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आणि २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाचे अल्प प्रमाण एक किलो, तर व्यापारी प्रमाण वीस किलो. अमेरिकी कायदा रोपे मोजत होता, आपला कायदा वजन करतो. हे आकडे ठरले तेव्हा समोर होता तो शेतातला, काड्या-पानांसकट येणारा, उन्हात वाढलेला माल. खोलीतला गांजा त्याच तराजूत टाकला जातो, आणि तराजूला कस कळत नाही. पारखदाराला तो कळत होता. एकोणिसाव्या शतकातल्या एका निरक्षर माणसाच्या नजरेत जो भेद होता, तो आपल्या कायद्याच्या तराजूत नाही.

१८९४ च्या आयोगाने जे विचारले ते पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे, एवढेच यातून निघते. गांजाचे समर्थन निघत नाही. कोवळ्या वयातील मुलांच्या हाती हे जहाल द्रव्य पडणे ही महाविद्यालयांत शिकवणाऱ्या कोणालाही हसण्यावारी नेता येणारी गोष्ट नाही. उलट, म्हणूनच नोंदवहीतला रकाना कोणी भरला हे तपासले पाहिजे, आणि आपण ज्याला एका शब्दाने ओळखतो ती वस्तू एकच आहे का, हेही. 'हायड्रोपोनिक गांजा' या जोडशब्दातला दुसरा शब्द आपल्या ओळखीचा आहे म्हणून आपण फसतो. नौगावच्या शेतातले आणि बँकॉकच्या पाकिटातले फूल यांची जात एक आहे. त्यांच्यामध्ये उभी आहे ती सव्वाशे वर्षांच्या कायद्यांनी रचलेली भिंत, आणि त्या भिंतीआड दिवा अजून जळतो आहे.